कॉपी कोण तपासतं? पत्रकारितेच्या प्रवेशाचं एक प्रकरण

८ जून २०२२ ला बारावीचा निकाल लागला आणि दुपारी बार्शीहून ताईचा फोन आला. भाचीला कला शाखेत ७८ टक्के. कौतुक करून झाल्यावर ताईनं मूळ मुद्दा काढला. "जर्नलिझमच करायचं म्हणतीय. तू त्यातलाच आहेस. एखादं चांगलं कॉलेज सांग."

सोलापूरच्या एका दैनिकाच्या डेस्कवर, म्हणजे बातमीदारांची कॉपी (लिहून आलेला मजकूर) तपासण्यात, माझी बावीस वर्षं गेली आहेत. तरीही ताईला सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. आमच्या वेळी मामला सरळ होता. आधी कुठलीही एक पदवी घ्यायची, मग एका वर्षाचं बी.जे. (पत्रकारितेची पदवी) करायचं. मी ते कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात केलं. आता बारावीनंतर थेट तीन वर्षांची पदवी मिळते आणि तिची नावं ऐकून डोकं गरगरतं. मास कॉम, मास मीडिया, मीडिया स्टडीज, जर्नलिझम अँड कम्युनिकेशन. नाव एकच असलं तरी दोन कॉलेजांत शिकवतात ते वेगळंच, असाही प्रकार आहे.

पुढच्या महिनाभरात आम्ही काय पाहिलं, काय ठरवलं आणि त्याचं पुढं काय झालं, ते इथे मांडतो. कॉलेजांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. आम्ही पाहिलेली माणसं आज तिथे नसतीलही, आणि तसं झाल्याचा एक किस्सा याच प्रकरणात आहे.

आधी घरची परिस्थिती. दाजींचं कृषी सेवा केंद्र आहे. धाकटा भाचा तेव्हा नववीत होता. दाजींनी पहिल्याच बैठकीत आकडा सांगून टाकला : राहणं-खाणं धरून तीन वर्षांचे मिळून पाच लाख. त्याच्या पुढं गेलं तर दुकानाच्या सीसीला हात लावावा लागणार. सीसी म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट खातं. दुकानदाराच्या घरात हा शब्द निघाला की चर्चा तिथेच थांबते.

आता मुलगी. अकरावी सगळी मोबाइलवर गेली. बारावीच्या वर्षात एसटीचा संप झाला, तो पाच महिन्यांहून जास्त चालला. बार्शीच्या आसपासच्या खेड्यांतल्या मुली कॉलेजला यायच्या बंद झाल्या. हिनं आपल्या वर्गाचा हजेरीपट धरून किती जणी गळाल्या ते मोजलं आणि तो आकडा घालून एका दैनिकाला वाचकाचं पत्र पाठवलं. छापून आलं, चार ओळी कापून. मला ते कात्रण व्हॉट्सॲपवर आलं होतं आणि मी अंगठा दाखवून विसरलो होतो. निकालानंतर पुन्हा काढून वाचलं. भाषा शाळकरी होती, पण आकडा तिनं स्वतः मोजलेला होता. डेस्कवर येणाऱ्या अर्ध्याअधिक बातम्यांत तेवढंही नसतं.

सुरुवातीलाच दोन गैरसमज निघाले. दाजी म्हणाले, "पुण्याला रानडेत टाकू की. तिथलं नाव आहे." नाव आहेच. फर्ग्युसन रस्त्यावरच्या त्या दगडी इमारतीतल्या पुणे विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागानं मराठी वृत्तपत्रांना कित्येक माणसं दिली. २०२१ मध्ये विभागाचं विलीनीकरण करून तो तिथून हलवायची हालचाल झाली, तेव्हा आजी-माजी विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. पण तिथला मुख्य अभ्यासक्रम पदवीनंतरचा, म्हणजे एम.ए. बारावीच्या मुलीला त्याचा तेव्हा काही उपयोग नव्हता. 'आयआयएमसी'चं, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशनचंही तेच. दिल्लीत १९६५ मध्ये सुरू झालेल्या या केंद्र सरकारी संस्थेचं एक केंद्र आपल्या अमरावतीला आहे, तिथे मराठी पत्रकारितेची पदविकाही मिळते, पण तीही पदवीनंतर. मुंबईच्या झेवियर इन्स्टिट्यूटचा आणि चेन्नईच्या एशियन कॉलेज ऑफ जर्नलिझमचा दबदबाही पदवीनंतरच्या पदविकांमुळेच आहे. थोडक्यात, या धंद्यात जी नावं मोठी म्हणून कानावर पडतात, त्यातली बरीचशी बारावीच्या दाराशी उपयोगाची नाहीत. हे पालकांना कुणी सांगत नाही.

दुसरा गैरसमज दिल्लीबद्दलचा. दिल्ली विद्यापीठाच्या काही कॉलेजांत पत्रकारितेची ऑनर्स पदवी आहे आणि फी कमी आहे. पण त्याच वर्षी पहिल्यांदा सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा आली. परीक्षा ऑगस्टपर्यंत लांबल्या, निकाल सप्टेंबरच्या मध्यावर लागला. तोवर महाराष्ट्रातले प्रवेश उरकून जाणार. दाजींनी तो जुगार खेळायला नकार दिला आणि मला तो पटला.

मग तीन पर्याय उरले. पुण्यातलं एक खासगी अभिमत विद्यापीठ, फी वर्षाला चार लाखांच्या पुढे. मुंबईतलं एक जुनं अनुदानित कॉलेज, तिथली मास मीडियाची पदवी, फी वर्षाला तीस हजारांच्या आसपास. आणि तिसरा माझा लाडका पर्याय : पुण्यात किंवा सोलापुरात अर्थशास्त्र नाहीतर राज्यशास्त्र घेऊन साधं बी.ए. करायचं आणि पत्रकारिता नंतर शिकायची.

चौथाही एक डोकावून गेला. अंधेरीतलं एक 'मीडिया स्कूल', काचेचं ऑफिस, माहितीपत्रकावर हातात बूम (वाहिनीचा माइक) धरलेली मुलगी. पदवी कुणाची, म्हणून विचारलं तर उत्तरेकडच्या एका राज्यातल्या खासगी विद्यापीठाची. खासगी राज्य विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर असं दुकान मांडून पदव्या वाटता येत नाहीत. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडच्या प्रकरणात असल्या कारभारावर झाडू फिरवला होता. बातमीदार व्हायला परवाना लागत नाही, डॉक्टर-वकिलांसारखी नोंदणीही नाही, मग पदवी कसली का असेना, असं कुणी म्हणेल. पण उद्या एम.ए.ला जायचं झालं, किंवा माहिती खात्यातल्या पदासाठी अर्ज करायचा झाला, तर पहिल्यांदा पदवीच तपासतात. अंधेरी खोडली.

माझं म्हणणं मी ताईसमोर ठासून मांडलं. पत्रकाराला विषय लागतो. अर्थसंकल्प वाचता येत नाही, पंचायत राज माहीत नाही, आणि पीटीसी (कॅमेऱ्यासमोर उभं राहून बातमी सांगणं) मात्र छान करता येते, अशी मुलं आमच्याकडे दरवर्षी येतात. भाचीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, तू बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलं होतंस ना? मग अर्थसंकल्पाची बातमी तू कधी केलीस?"

केली नव्हती. आमच्याकडे ती बातम्या पुरवणाऱ्या एजन्सीवरून यायची आणि आम्ही शीर्षक द्यायचो.

पुण्याला आम्ही एसटीनं गेलो. मी, दाजी आणि ती. कॅम्पस देखणा. प्रवेशाचं काम बघणारी बाई इतकी गोड बोलत होती की दाजींनी तिच्याकडून दोनदा पाणी घेतलं. स्टुडिओ दाखवला : तीन कॅमेरे, हिरवा पडदा, टेलिप्रॉम्प्टर, बाजूला काचेआड पीसीआर (नियंत्रण कक्ष). कॅमेऱ्यांवर प्लास्टिकची कव्हरं होती. सुट्ट्यांचे दिवस, म्हणून त्यात वावगं काही नाही. पण दाराशी टेबलावर साहित्य देण्या-घेण्याची वही उघडी पडली होती आणि दुकानदाराला वही दिसली की तो वाचतोच. दाजींनी पानं मागं उलटली. शेवटची नोंद जानेवारीतली, त्याआधीची नोव्हेंबरातली, आणि दोन्ही सह्या एकाच माणसाच्या. बाहेर चहाच्या टपरीवर तिसरं वर्ष संपवलेला एक मुलगा भेटला. तो म्हणाला, पहिली दोन वर्षं सगळं स्लाइडवर, कॅमेरा हातात आला तो शेवटच्या प्रोजेक्टला. वर असंही म्हणाला, "पण ओळखी चांगल्या होतात." ते खोटं नसावं. त्या वर्गात बसणारी मुलं ज्या घरांतून येतात, त्या ओळखींना किंमत असतेच.

'शंभर टक्के प्लेसमेंट' हा शब्द आला तेव्हा मी यादी मागितली. यादीत पीआर एजन्सी, इव्हेंट कंपन्या, एका बिल्डरचा मार्केटिंग विभाग. ज्याला जाहिरात किंवा जनसंपर्क करायचा आहे त्याच्यासाठी ती यादी चांगली होती, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. न्यूजरूममध्ये गेलेले त्यात दोन होते.

परतीच्या वाटेवर दाजींनी हिशेब केला : फीच बारा लाखांवर, हॉस्टेल आणि मेस वेगळी. हा पर्याय पैशांवरच पडला. २०२४ मध्ये राज्यानं आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत फीमाफी दिली, त्यातूनही खासगी अभिमत विद्यापीठं वगळलेलीच आहेत. म्हणजे दोन वर्षं थांबलो असतो तरी इथलं गणित तेच राहिलं असतं.

मुंबईला जाताना भाची मध्यरात्री बार्शीला लातूर एक्स्प्रेसमध्ये बसली आणि मी कुर्डूवाडीला चढलो. तोवर मुंबई विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची प्रवेशपूर्व नोंदणी तिनं स्वतःच भरली होती. ती राहिली तर कॉलेजचा फॉर्मच भरता येत नाही, आणि दरवर्षी बाहेरगावची मुलं इथे फसतात. तिचा जीव गुणवत्ता यादीत अडकला होता. त्या वर्षी राज्याचा निकालच ९४.२२ टक्के, कमी केलेल्या अभ्यासक्रमावर. त्यामुळे ७८ म्हणजे फार काही नाही, हे तिला कळत होतं. मास मीडियाला कला, वाणिज्य आणि विज्ञान अशा शाखानिहाय वेगळ्या याद्या लागतात, त्याचा तिला फायदा झाला. वाणिज्यच्या यादीत ७८ ला कुणी विचारलं नसतं.

कॉलेज जुनं, नावाजलेलं, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची श्रेणी कमानीवर रंगवलेली. इथे एक गोष्ट पहिल्यांदाच माझ्या डोक्यात शिरली. ती श्रेणी आख्ख्या कॉलेजला मिळालेली असते. मास मीडिया मात्र त्याच कॉलेजातली विनाअनुदानित तुकडी, बहुतेक शिक्षक तासिका तत्त्वावरचे. संस्कृतच्या किंवा रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी पन्नास वर्षांत कमावलेली अब्रू आणि दुसऱ्या मजल्यावरच्या या तीन खोल्या यांचा एकमेकांशी फारसा संबंध नव्हता. स्टुडिओ नाही. दोन कॅमेरे, त्यातला एक दुरुस्तीला. संगणकांच्या खोलीत पंखा असा आवाज करत होता की मी बाहेरच थांबलो.

मनात म्हटलं, आपलं बी.ए.च बरं.

तिसऱ्या वर्षाचे वर्ग नुकतेच सुरू झाले होते. समन्वयक बाईंनी आम्हाला मागच्या बाकावर बसू दिलं. तीन वाजता एक गृहस्थ आले, पाठीला सॅक, चेहऱ्यावर रात्रपाळीची झोप. एका दैनिकात मुख्य उपसंपादक, इथे आठवड्यातून दोन तास. त्यांनी व्याख्यान दिलंच नाही. मुलांनी लिहिलेल्या बातम्यांचा गठ्ठा काढला आणि एकेक परत देत गेले. आमच्या पुढच्या बाकावरच्या मुलाचा कागद मला दिसत होता. त्याचा इंट्रो (बातमीचं पहिलं वाक्य) असा होता : "परिसरातील पाणीपुरवठा विस्कळीत झाल्याने नागरिकांमध्ये संतापाची लाट उसळली आहे." 'संतापाची लाट'वर लाल रेघ, आणि समासात बारीक अक्षरात : "लाट मोजलीस? किती तास पाणी नव्हतं? किती घरांना? टँकर आला का?" खाली तिसऱ्या परिच्छेदातल्या एका वाक्याला गोल करून बाण थेट वर नेला होता : "बातमी ही आहे. इथे का लपवलीस?"

वर्ग संपल्यावर भाची त्यांच्यापाशी गेली. मी लांबच उभा राहिलो. तिनं काय विचारलं ते जिन्यात कळलं : वर्षाला अशा किती बातम्या लिहून घेता? ते म्हणाले, माझ्या विषयात वीसेक, सगळ्या मी स्वतः वाचतो. आणि मुलं सरावासाठी काढतात ते प्रायोगिक वृत्तपत्र? त्याचे आदल्या वर्षात चार अंक निघाले होते. चारही तिच्या हातात होते. शेवटच्या पानावर खो-खोच्या बातमीत गुणांची बेरीज चुकलेली होती, ती तिनं जिन्यातच पकडली.

पुण्यात आम्ही स्टुडिओ पाहिला, पण तिथे मुलांचं लिहिलेलं कोण वाचतं, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. बावीस वर्षं डेस्कवर काढलेल्या माणसाला!

दादरहून परतताना आम्ही अडचणी मोजल्या. पहिली, राहायचं कुठे. कॉलेजला मुलींचं वसतिगृह नाही. आत्याचं घर डोंबिवलीला, म्हणजे रोज जाऊन-येऊन तीनेक तास. दुसरी, भाषा. तिथे मराठी माध्यमाची तुकडी होती म्हणून तर आम्ही गेलो होतो, पण संदर्भग्रंथ जवळजवळ सगळे इंग्रजी. तिसरी अडचण समन्वयक बाईंनी स्वतःहून सांगितली, त्याबद्दल त्यांचे आभार. शेवटच्या वर्षात पत्रकारिता किंवा जाहिरात यातलं एक निवडायचं असतं, आणि बहुतेक मुलं जाहिरातीकडे जातात. आदल्या वर्षी पत्रकारितेला नऊच जण होते. सात झाले असते तर तो वर्ग चालवायचा की नाही, यावर व्यवस्थापनानं खळखळ केली असती.

घरी बैठक झाली. ताईचा एकच प्रश्न होता, आत्याकडे किती दिवस. दाजींना फी आवडली, पंखा आवडला नाही. मी पुन्हा अर्थशास्त्र काढलं. भाची म्हणाली, "अर्थशास्त्र मी वाचीन. पण माझं लिहिलेलं लाल करून कोण देणार तिथे?" मी म्हणालो, "मी देईन." ती हसली. संपाचं कात्रण माझ्याकडे आलं होतं तेव्हा मी काय केलं होतं, हे तिला आठवत होतं.

दुसऱ्या यादीत नाव आलं. प्रवेश घेतला.

पुढचं थोडक्यात. आत्याकडे ती चार महिने राहिली, मग तिघी मैत्रिणींनी मिळून एक खोली घेतली. पहिलं वर्ष जवळपास वाया गेलं असं ती म्हणते : संज्ञापनाच्या (कम्युनिकेशनच्या) व्याख्या, पाठांतर, आणि गट करून केलेली सादरीकरणं, ज्यात एक जण काम करतो आणि पाच जण नावं घालतात. दुसऱ्या वर्षात ते उपसंपादक सर शिकवायला आले. तिची पहिली बातमी एका स्टेशनवरच्या स्त्रियांच्या स्वच्छतागृहाची होती. त्याला कुलूप होतं आणि चावी कुणाकडे, हे कुणालाच माहीत नव्हतं. ती बातमी चार वेळा परत आली. पहिल्यांदा शेरा होता, "किती दिवस बंद?" मग "कोण म्हणतं?" मग "त्याचं म्हणणं घेतलंस?" चौथ्यांदा फक्त एका शब्दाखाली रेघ. पाचव्यांदा अंकात पहिल्या पानावर लागली. तोवर कुलूप निघालं होतं, म्हणून शीर्षक बदलावं लागलं.

आणि तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर सरांची बदली झाली. त्यांच्या दैनिकानं मुंबईचं डेस्क आटोपतं घेतलं, त्यांना दुसऱ्या शहरात पाठवलं. तासिकेवरचा माणूस, कॉलेजशी त्यांचं नातं तेवढंच होतं. त्यांच्या जागी आलेल्या तरुणानं सेमिस्टरभर स्लाइड वाचून दाखवल्या. म्हणजे ज्या एका कारणासाठी आम्ही ते कॉलेज घेतलं, ते कारणच अर्ध्यात निघून गेलं. ताईनं मला हे ऐकवलं. माझ्या मते निर्णय तरीही चुकला नाही, पण आम्ही एक प्रश्न विचारला नव्हता : असं वाचणारे इथे किती जण आहेत? एकच होते. तेव्हा ते एकटे आम्हाला पुरेसे वाटले.

पत्रकारितेच्या वर्गात शेवटी अकरा जण निघाले, वर्ग चालला. एका वृत्तवाहिनीच्या वेबसाइटवर दोन महिने बिनपगारी इंटर्नशिप झाली. कॅमेरा तिला येत नव्हता, तो तिथेच मोबाइलवर शिकली, एका आठवड्यात. त्यासाठी बारा लाख लागले नसते, असं दाजी अजून म्हणतात. त्यांच्या वहीत तीन वर्षांचा खर्च चार लाख चाळीस हजार आहे. त्यात लोकलचे पास वेगळे लिहिलेत.

२०२५ मध्ये पदवी झाली आणि त्याच वेबसाइटवर तिला नोकरी लागली. एका पाळीत बारा बातम्या. दिवाळीत घरी आली होती, तेव्हा लाडू खाता खाता मी विचारलं, "तिथे तुझी कॉपी कोण तपासतं?"

"कुणी नाही. मीच लिहिते, मीच टाकते."

आता ती रानडेच्या एम.ए.चं बघतीय, अमरावतीच्या पदविकेचंही. दोन्हीकडे शिकून गेलेल्या मुलांचे नंबर तिनं मिळवलेत. फोनवर काय विचारायचं ते कागदावर लिहून काढलंय, आणि तो कागद मला दाखवायला ती तयार नाही.